आजारातून बरं होताना इंग्रजीत काय बोलायचं, कसं बोलायचं

आजारी पडल्यावरचं इंग्रजी आपल्याला शाळेतच भेटतं. रजेचा अर्ज, ‘आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर’, डोकेदुखी, पोटदुखी, झालं. पण आजारपणात माणूस सगळ्यात जास्त बोलतो ते बरं होत असताना. ऑफिसात कधी येणार हे सांगायचं असतं, डॉक्टरांना पुढच्या भेटीत फरक सांगायचा असतो, विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं असतं. आणि नेमकी इथेच बरीच मंडळी ‘आय अ‍ॅम ओके नाउ’वर येऊन थांबतात.

अडचण शब्द कमी असण्याची नाही. मराठीत ‘बरं होणं’ एवढ्या एकाच क्रियापदावर सगळं भागतं: ताप बरा होतो, जखम बरी होते, माणूसही बरा होतो. इंग्रजीत ही कामं वाटून दिलेली आहेत. कोण बरं होतंय, आजार केवढा होता आणि सुधारणा कुठवर आली आहे, या तीन गोष्टींवर शब्द ठरतो. म्हणून पन्नास वाक्प्रचारांची यादी घोकण्यापेक्षा प्रत्येक वाक्प्रचार या तीन प्रश्नांना बांधून शिकावा. पुढची सगळी मांडणी त्याच धोरणाने केली आहे.

पायरी १: आधी कर्ता पक्का करा

माणूस ‘रिकव्हर’ होतो. जखम, हाड, टाक्यांची जागा ‘हील’ होते. औषध किंवा उपचार रोगाला ‘क्युअर’ करतात. डॉक्टर रोग्याला ‘ट्रीट’ करतात, म्हणजे उपचार करतात. गुण आला की नाही हे त्यात येत नाही. एवढी चौकट डोक्यात बसली तरी निम्म्या चुका टळतात.

‘आय अ‍ॅम रिकव्हरिंग फ्रॉम द फ्लू’ बरोबर. इथे ‘फ्रॉम’ सुटता कामा नये. ‘माय लेग इज हीलिंग नाइसली’ बरोबर. ‘आय अ‍ॅम क्युअर्ड’ मात्र साध्या सर्दीतापानंतर कोणी म्हणत नाही. मोठा आजार मुळापासून गेला असं सांगायचं असेल तेव्हाच तो शब्द शोभतो. ‘रिकव्हर’चा मूळ भाव हरवलेलं परत मिळवणं हा आहे. म्हणून बुडालेले पैसे किंवा पुसली गेलेली फाइल परत मिळाली तरी हेच क्रियापद येतं. हे लक्षात असलं की ‘आय हॅव रिकव्हर्ड माय स्ट्रेंग्थ’ हे वाक्य आपसूक समजतं.

लक्षणांची क्रियापदं आणखी वेगळी. सूज उतरते तेव्हा ‘द स्वेलिंग हॅज गॉन डाउन’. ताप उतरायला लागला की ‘माय टेम्परेचर इज कमिंग डाउन’, आणि पुरता गेला की ‘द फीव्हर हॅज गॉन’. पुरळ, जंतुसंसर्ग, छातीतला कफ यांच्यासाठी ‘क्लिअर अप’: ‘द रॅश हॅज क्लिअर्ड अप’. दुखणं कमी झालं तर ‘द पेन हॅज ईझ्ड’. भूल किंवा औषधाचा असर ओसरतो तेव्हा ‘वेअर ऑफ’: ‘द अ‍ॅनस्थेटिक इज वेअरिंग ऑफ’. प्रत्येक लक्षण आपल्या क्रियापदासकट जोडीनेच पाठ करा. नुसतं ‘स्वेलिंग’ शिकून उपयोग नाही, ‘स्वेलिंग गोज डाउन’ शिका.

पायरी २: आजार केवढा, ते ओळखा

‘पुल थ्रू’ म्हणजे जिवावरच्या दुखण्यातून वाचणं. ‘शी वॉज व्हेरी इल, बट शी पुल्ड थ्रू’ हे अतिदक्षता विभागातून परत आलेल्या माणसाबद्दल. सर्दीनंतर कोणी असं म्हटलं तर ऐकणारा घाबरून जाईल. उलट ‘अंडर द वेदर’ हा थोडं कणकणल्यासारखं, मरगळल्यासारखं वाटण्यासाठीचा वाक्प्रचार. हृदयविकाराच्या झटक्यानंतर तो वापरला तर थट्टा केल्यासारखं होईल.

सर्दी, खोकला, ताप, पोटाची तक्रार अशा रोजच्या दुखण्यांना ‘गेट ओव्हर’ सगळ्यात सोयीचा. ‘आय अ‍ॅम जस्ट गेटिंग ओव्हर अ कोल्ड’ हे वाक्य इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी सतत असतं. आजाराचं नाव नेहमी ‘ओव्हर’च्या नंतर येतं, मध्ये घालायचं नाही. एक सांभाळा: दुसऱ्याला नुसतं ‘गेट ओव्हर इट’ म्हणायचं नाही. त्याचा अर्थ ‘आता पुरे कर, सोड तो विषय’ असा बोचरा होतो.

रेंगाळणाऱ्या दुखण्याला ‘शेक ऑफ’ वापरतात, आणि तेही बहुधा नकारार्थी: ‘आय जस्ट कान्ट शेक ऑफ धिस कॉफ’. हा खोकला काही पिच्छा सोडत नाही, हा भाव त्यात नेमका उतरतो. इथे मात्र शब्द मध्ये घालता येतो, ‘शेक इट ऑफ’.

मधुमेह, दमा, संधिवात अशा कायमच्या सोबत्यांना ‘रिकव्हर’ लावू नका. तिथे ‘इट्स अंडर कंट्रोल’ किंवा ‘आय अ‍ॅम मॅनेजिंग इट वेल’ म्हणतात, आणि त्रास उफाळला तर ‘आय हॅड अ फ्लेअर-अप’. कर्करोगाच्या बाबतीत ‘इन रिमिशन’ हा शब्द कानावर येतो. रोगाच्या खुणा कमी झाल्या आहेत किंवा दिसेनाशा झाल्या आहेत, एवढंच तो सांगतो. रोग कायमचा गेला असं त्यात गृहीत नसतं. कोणी ‘माय मदर इज इन रिमिशन’ म्हटलं तर ‘सो शी इज क्युअर्ड!’ असं म्हणण्याऐवजी ‘दॅट्स वंडरफुल न्यूज’ म्हणा.

पायरी ३: सुधारणा कुठवर आली आहे?

मला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ऐकणाऱ्याला तुमच्याकडून नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं.

अगदी सुरुवातीला, म्हणजे जोर ओसरला पण अंगात काही त्राण नाही अशा वेळी: ‘आय थिंक आय अ‍ॅम ओव्हर द वर्स्ट’. सगळ्यात वाईट काळ मागे पडला. गंभीर दुखण्यात हेच ‘शी हॅज टर्न्ड द कॉर्नर’ असं म्हणतात. उतार पडायला लागला, असा त्याचा भाव. अजून धाकधूक असेल तर ‘ही इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट’. हा वाक्प्रचार बहुतेक वेळा असा ‘नॉट’ आणि ‘येट’सकटच ऐकू येतो, तेव्हा तसाच उचला.

रुग्णालयातून फोनवर कळतं की पेशंट ‘स्टेबल’ आहे. पुष्कळ जण त्याचा अर्थ ‘आता बरा आहे’ असा लावतात. तसं नाही. प्रकृती स्थिर आहे, सध्या बिघडत नाही, इतकंच त्यातून कळतं. म्हणूनच ‘क्रिटिकल बट स्टेबल’ असंही म्हणता येतं. जिवाचा धोका टळला असेल तर ‘आउट ऑफ डेंजर’ म्हणतील. शंका वाटली तर सरळ विचारा: ‘इज ही गेटिंग बेटर, ऑर इज ही द सेम?’

मधला टप्पा लांबलचक असतो आणि त्याला शब्दही भरपूर आहेत. ‘ऑन द मेंड’ हा माझा सगळ्यात आवडता. ‘मेंड’ म्हणजे दुरुस्ती. लहान-मोठ्या कुठल्याही दुखण्याला चालतो, मित्रालाही चालतो आणि साहेबांनाही. ‘हाउ आर यू?’ला ‘ऑन द मेंड, थँक्स’ एवढं उत्तर पुरतं. ‘ऑन द रोड टू रिकव्हरी’ जरा भारदस्त आहे, लेखी निरोपात शोभतो. अंथरुणातून उठून घरात हिंडू-फिरू लागलात की ‘आय अ‍ॅम अप अँड अबाउट’. हळूहळू पण नक्की फरक पडतोय हे सांगायला ‘स्लोली बट शुअरली’.

शेवटच्या टप्प्यावर ‘आय अ‍ॅम बॅक ऑन माय फीट’, ‘आय अ‍ॅम बॅक टू नॉर्मल’, किंवा आणखी आपुलकीने ‘आय फील लाइक माय ओल्ड सेल्फ अगेन’. औपचारिक लिखाणात ‘शी हॅज मेड अ फुल रिकव्हरी’. इथे क्रियापद ‘मेक’च हवं, ‘रिकव्हरी डन’ किंवा ‘टूक रिकव्हरी’ होत नाही. तपासण्या करून डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं तर ‘द डॉक्टर गेव्ह मी अ क्लीन बिल ऑफ हेल्थ’. हा वाक्प्रचार जहाजांच्या जगातून आला आहे. ज्या बंदरातून जहाज निघालं तिथे साथीचा रोग नाही, असा दाखला कप्तानाजवळ असे आणि पुढच्या बंदरात तो दाखवावा लागे. म्हणून नुसतं बरं वाटतंय तेवढ्यावर हा वापरायचा नाही. कोणीतरी तपासून निर्वाळा दिला, हे त्यात अभिप्रेत आहे.

‘बेटर’ या शब्दापाशी जरा थांबायला हवं. ‘आय अ‍ॅम बेटर’ याचे दोन अर्थ होतात: कालच्यापेक्षा बरा आहे, किंवा पूर्ण बरा झालो. ऐकणारा दुसरा अर्थ घेतो आणि उद्यापासून कामावर या म्हणतो! म्हणून ‘बेटर’ला एकटं सोडू नका. ‘अ बिट बेटर’, ‘मच बेटर, बट नॉट हंड्रेड पर्सेंट’, ‘कम्प्लीटली बेटर’ असं माप जोडा.

दुखणं उलटलं तर? बरं होऊन पुन्हा तेच झालं तर ‘आय हॅड अ रिलॅप्स’. सुधारणेत मध्येच खीळ बसली तर ‘अ सेटबॅक’. साध्या बोलण्यात ‘आय वॉज गेटिंग बेटर, बट देन आय गॉट वर्स अगेन’ हे पुरेसं आहे.

पायरी ४: काळ नीट वापरा

‘आय अ‍ॅम हॅविंग फीव्हर सिन्स थ्री डेज’ हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की चुकीचं वाटतच नाही. ‘तीन दिवसांपासून ताप आहे’ हे मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत गेलं की ते तयार होतं. इंग्रजीत सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट ‘हॅव हॅड’ने सांगतात: ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’. किती वेळ हे सांगायला ‘फॉर’, कधीपासून हे सांगायला ‘सिन्स’: ‘फॉर थ्री डेज’, पण ‘सिन्स मंडे’.

बरं होण्याच्या गोष्टीत तीन काळ पुन्हा पुन्हा लागतात. संपलेलं: ‘आय वॉज इन बेड ऑल लास्ट वीक’. चालू असलेलं: ‘आय अ‍ॅम गेटिंग स्ट्राँगर एव्हरी डे’. आणि आत्तापर्यंत झालेला बदल: ‘द कॉफ हॅज गॉन, बट माय व्हॉइस हॅजंट कम बॅक’. आजच्या स्थितीशी नातं असलेला बदल सांगायचा असेल तर हा तिसरा काळ; एखादा दिवस किंवा वेळ नेमकी सांगितली की साधा भूतकाळ, ‘द फीव्हर वेंट ऑन संडे’.

आणखी काही नेहमीच्या घसरणी: ‘माय बॉडी इज पेनिंग’ऐवजी ‘आय अ‍ॅम एकिंग ऑल ओव्हर’. ‘आय अ‍ॅम फीलिंग वीकनेस’ऐवजी ‘आय फील वीक’. ‘आय वॉज ऑपरेटेड’ऐवजी ‘आय हॅड अ‍ॅन ऑपरेशन’, अवयव सांगायचा तर ‘अ‍ॅन ऑपरेशन ऑन माय नी’. ‘अ‍ॅडमिटेड इन’ऐवजी ‘अ‍ॅडमिटेड टू’, आणि घरी सोडलं तर ‘डिस्चार्ज्ड फ्रॉम’. ‘डिस्चार्ज’चा दुसरा अर्थही ठाऊक असू द्या: जखमेतून येणारा स्राव. नर्सने ‘इज देअर एनी डिस्चार्ज?’ विचारलं तर ती घरी सोडण्याबद्दल विचारत नसते.

पायरी ५: डॉक्टरांशी बोलताना वाक्प्रचार बाजूला ठेवा

मित्रांशी बोलताना जे शोभून दिसतं ते दवाखान्यात कुचकामी ठरतं. ‘ऑन द मेंड’ ऐकून डॉक्टरांना काहीच कळत नाही. तिथे साधी, नेमकी वाक्यं हवीत: काय गेलं, काय उरलं, उरलेल्याचा त्रास कशात होतो.

समजा न्यूमोनियानंतरची भेट आहे आणि डॉक्टर विचारतात, ‘हाउ हॅव यू बीन सिन्स आय लास्ट सॉ यू?’ यावर असं उत्तर द्या:

‘मच बेटर, थँक यू. द फीव्हर वेंट ऑन संडे अँड इट हॅजंट कम बॅक. आय स्टिल हॅव अ कॉफ, बट इट डझंट वेक मी अप एनी मोर. आय कॅन वॉक अराउंड द हाउस, बट आय गेट आउट ऑफ ब्रेथ ऑन द स्टेअर्स.’

या उत्तरात अवघड शब्द एकही नाही. तरी ताप कधी गेला, परत आला का, खोकल्याने झोप मोडते का, दम कधी लागतो, हे सगळं त्यात आलं. कणा आहे तो ‘स्टिल’, ‘एनी मोर’ आणि ‘आय कॅन… बट…’ यांचा. या तीन गोष्टी जिभेवर बसवा. कुठल्याही आजाराला त्या लागू पडतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर: ‘आय कॅन बेंड माय नी नाउ, बट आय स्टिल कान्ट स्क्वॉट.’ पोटाच्या दुखण्यानंतर: ‘आय कॅन कीप फूड डाउन, बट माय अ‍ॅपेटाइट हॅजंट कम बॅक.’ ‘कीप डाउन’ म्हणजे खाल्लेलं पोटात टिकणं, उलटी न होणं. ओघानेच सांगतो: ब्रिटिश इंग्रजीत ‘आय वॉज सिक’ म्हणजे बहुधा ‘मला उलटी झाली’. आजारी होतो असं तिथे म्हणायचं तर ‘आय वॉज इल’. अमेरिकेत ‘सिक’ सरसकट आजारी या अर्थाने चालतो.

दुखणं किती, हे विचारताना डॉक्टर शून्य ते दहाची पट्टी देतात. नुसता आकडा सांगून थांबू नका, बदल सांगा: ‘इट वॉज अ‍ॅन एट लास्ट वीक, नाउ इट्स अबाउट अ थ्री.’ दुखणं येऊन-जाऊन असेल तर ‘इट कम्स अँड गोज’, रात्री वाढत असेल तर ‘इट्स वर्स अ‍ॅट नाइट’.

ब्रिटनमध्ये ‘आय हॅव अ टेम्परेचर’ म्हणजेच ताप आहे. आकडा सांगताना एकक सांगायला विसरू नका. अमेरिकेत फॅरनहाइट चालतं, ब्रिटनमध्ये आणि इतर बहुतेक ठिकाणी सेल्सिअस. ३७ सेल्सिअस म्हणजे ९८.६ फॅरनहाइट आणि ३८ म्हणजे १००.४, एवढे दोन आकडे पाठ असले की अंदाज चुकत नाही.

औषधांबद्दल: गोळ्या चालू असतील तर ‘आय अ‍ॅम ऑन अँटिबायोटिक्स’, ठरलेले दिवस पूर्ण झाले तर ‘आय हॅव फिनिश्ड द कोर्स’, वेदनाशामक गोळ्या बंद केल्या तर ‘आय हॅव कम ऑफ द पेनकिलर्स’. आणि डॉक्टरांचं काही समजलं नाही तर मान डोलावू नका. ‘सॉरी, कुड यू से दॅट इन सिम्पलर वर्ड्स?’ हे वाक्य या लेखातल्या सगळ्या वाक्प्रचारांपेक्षा मोलाचं आहे.

पायरी ६: कामाच्या ठिकाणी

इथे थोडक्यात काम होतं. किती दिवस नव्हतो, आता कसं आहे, कधी येतो: ‘आय हॅव बीन ऑफ सिक सिन्स मंडे. आय अ‍ॅम फीलिंग मच बेटर अँड होप टू बी बॅक ऑन थर्सडे.’ आजाराचा तपशील द्यायलाच हवा असं नाही. परत आल्यावर ‘आय अ‍ॅम बॅक अ‍ॅट वर्क’. जाणार असाल तर ‘गोइंग बॅक टू वर्क’. सुरुवातीला कमी तास काम करून हळूहळू पूर्ण वेळेवर येण्याला ब्रिटनमध्ये ‘फेज्ड रिटर्न’ म्हणतात. हा शब्द माहीत असला तर ती सवलत मागताना अवघडल्यासारखं होत नाही.

पायरी ७: दुसऱ्याची विचारपूस

आपल्याकडे ‘काय झालं होतं?’ हा पहिलाच प्रश्न असतो आणि त्यात मायाच असते. इंग्रजीत तोच प्रश्न थेट विचारला तर खासगी गोष्टीत डोकावल्यासारखा वाटू शकतो. ‘आय हर्ड यू वरंट वेल. हाउ आर यू फीलिंग नाउ?’ असं विचारा. सांगायचं असेल तर समोरचा सांगेल. ‘आर यू फीलिंग एनी बेटर?’ हेही चांगलं.

‘गेट वेल सून’ शुभेच्छापत्रावर आणि छोट्या निरोपात शोभतं. जरा औपचारिक हवं असेल तर ‘विशिंग यू अ स्पीडी रिकव्हरी’. बरं होण्याची आशा नाही अशा माणसाला मात्र यातलं काहीही लिहू नये. तिथे ‘आय अ‍ॅम थिंकिंग ऑफ यू’ एवढंच लिहा. कोणी बरं होत असल्याचं कळवलं तर ‘आय अ‍ॅम सो ग्लॅड यू आर ऑन द मेंड. डोन्ट रश बॅक’. आपलं ‘काळजी घ्या’ इथे ‘लुक आफ्टर युवरसेल्फ’ने जास्त चांगलं पोचतं; ‘टेक केअर’ चालतं, पण निरोप घेताना ते इतकं सहज म्हटलं जातं की त्यातली काळजी विरून जाते.

पायरी ८: सराव

स्वतःचं किंवा घरातल्या कोणाचं एखादं खरं आजारपण आठवा. ते सुरुवातीपासून बरं होईपर्यंत आठ-दहा वाक्यांत इंग्रजीत लिहा. आजार कसा जडला (‘आय केम डाउन विथ…’), वाईट काळ, उतार, उरलेला अशक्तपणा, पूर्ववत होणं. प्रत्येक टप्प्याला वर दिलेला एकच वाक्प्रचार निवडा. मग तेच आजारपण तिघांना सांगतोय अशा तीन आवृत्त्या करा: मैत्रिणीला, डॉक्टरांना, साहेबांना. एकच गोष्ट तीन तोंडांनी सांगताना कुठला शब्द कुठे बसतो हे जितकं पक्कं होतं तितकं कुठल्याही तक्त्याने होत नाही.

शंका आली की केंब्रिज किंवा ऑक्सफर्ड लर्नर्स या मोफत ऑनलाइन शब्दकोशांत पाहा. दोन्हींत उदाहरणं आहेत आणि ब्रिटिश व अमेरिकन उच्चार ऐकता येतात. काही उच्चार मुद्दाम ऐकाच. जखमेचा ‘वूंड’ असतो, ‘वाउंड’ नव्हे. कफ या अर्थाच्या ‘phlegm’ या शब्दात ‘जी’ अक्षर लिहितात, पण उच्चार ‘फ्लेम’ असा होतो. ‘हील’ दीर्घ म्हणा, नाहीतर टेकडी होते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या संकेतस्थळावर शस्त्रक्रियांनंतर बरं होण्याबद्दलची माहिती सोप्या इंग्रजीत आहे. वाचनासाठी ती फार उपयोगी पडते.

उजळणी एकाच दिवशी दहादा करू नका. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. उजळणी म्हणजे वाचणं नव्हे. मराठी प्रसंग समोर ठेवा, ‘खोकला काही पिच्छा सोडत नाही’, आणि न बघता इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ‘फ्रॉम’, ‘फॉर’, ‘सिन्स’ हे छोटे शब्द कुठे गळतात ते तुमच्याच कानाला लगेच कळेल. जे वाक्य अडखळलं तेवढंच दुसऱ्या दिवशीच्या उजळणीत सगळ्यात आधी घ्या.